नवजात बाळाची अंघोळ: पहिल्या महिन्यात घरोघरी पडणारे प्रश्न

पहिल्या महिन्यात बाळ फारसं मळत नाही, पण गारठतं मात्र चटकन. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाची त्वचा मोठी, डोकं मोठं, चरबीचा थर पातळ, आणि आपल्यासारखं कुडकुडून ऊब निर्माण करणं त्याला जमत नाही. ओल्या अंगावरचं पाणी वाळताना शरीरातली उष्णता घेऊन जातं. म्हणून पुढच्या बहुतेक उत्तरांचा रोख एकच आहे: बाळ ओलं आणि उघडं राहण्याचा वेळ कमी करा. ही माहिती पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळासाठी आहे. कमी वजनाच्या बाळाबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

पहिली अंघोळ कधी घालायची?

जन्मानंतर निदान २४ तास तरी अंघोळ नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगावरचा पांढरा, लोण्यासारखा थर ही घाण नव्हे. तो त्वचेला मऊ ठेवतो, जंतूंपासून जपतो आणि एक-दोन दिवसांत आपोआप जिरतो. तो खरवडून काढू नका. रक्त किंवा शी लागली असेल तर कोमट, ओल्या कापडाने तेवढीच जागा पुसा. दवाखान्यातून घरी आल्या आल्या ‘आधी अंघोळ, मग घरात’ असा आग्रह असतो. प्रवासाने दमलेल्या बाळाला त्या वेळी दूध आणि आईची कूस हवी असते.

नाळ पडेपर्यंत काय करायचं?

अंग पुसून काढायचं. नाळ साधारण ५ ते १५ दिवसांत वाळून पडते, आणि ती जितकी कोरडी राहील तितकी लवकर पडते.

खोलीचा पंखा आणि एसी बंद करा, दारं-खिडक्या लोटून घ्या. खोली २६-२७ अंश असावी, म्हणजे आपल्याला जरासं उकडल्यासारखं वाटलं पाहिजे. बाळाला हात लावण्याआधी सगळं हाताशी ठेवा: दोन कोरडी सुती पंचे किंवा दुपटी, तीन-चार मऊ कापडाचे तुकडे, कापूस, लंगोट, झबलं, टोपडं. वाडग्यात एक-दीड लिटर कोमट पाणी पुरतं. डोळ्यांसाठी उकळून निववलेलं पाणी वाटीत वेगळं घ्या.

बाळाला दुपट्यात गुंडाळूनच ठेवा आणि एकेक भाग उघडा. पुसला, टिपून कोरडा केला, झाकला, की पुढचा. आधी डोळे, मग चेहरा, कानांच्या मागची बाजू, मानेच्या वळ्या. दूध ओघळून इथेच साचतं आणि आंबूस वास येतो, त्यामुळे हनुवटी हलक्या हाताने वर करून वळी उघडून पुसा. नंतर काखा, मुठी, पाठ, जांघा, आणि सर्वांत शेवटी लंगोटाची जागा. डोकं ओलं केलंत तर लगेच पुसून टोपडं घाला. एवढ्याला पाच-सात मिनिटं लागतात.

नाळेला हळद, तेल, तूप, राख, पावडर, कुंकू काहीही लावू नका. नाळेवर डॉक्टरांनी औषध सांगितलं असेल तरच लावा. लंगोट नाळेच्या खाली दुमडा, नाहीतर लघवीने ती भिजत राहते. नाळ पडताना रक्ताचे एक-दोन थेंब दिसले तर घाबरू नका. बेंबीभोवतीची कातडी लाल व गरम होणं, पू किंवा दुर्गंधी येणं, रक्त थांबत नसणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तीन आठवडे उलटूनही नाळ पडली नसेल तरी दाखवून घ्या.

दहाव्याला किंवा बाराव्याला डोक्यावरून न्हाऊ घालायची आमच्याकडे रीत आहे. नाळ अजून पडलेली नाही. काय करावं?

त्या दिवशी डोक्याचे केस कोमट पाण्याने हलके धुवा, चेहरा-हात-पाय पुसा, नवं झबलं घाला. अंग पंच्यात गुंडाळलेलं ठेवून फक्त डोकं वाडग्यावर धरलं की नाळ भिजत नाही. सोयर फिटतं, बाळही गारठत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधल्या दिवशीच सांगून ठेवलं तर ऐन वेळी कुणाचं मन दुखावत नाही.

पाणी किती गरम हवं?

३७ ते ३८ अंश, म्हणजे बाळाच्या अंगाइतकंच. हाताचा पंजा कामाने निबर झालेला असतो, त्याला ४२ अंशही सुसह्य वाटतात. म्हणून कोपर किंवा मनगटाची आतली बाजू पाण्यात बुडवून बघा: गरमही नाही, गारही नाही असं वाटायला हवं. बाजारात साधा बाथ थर्मामीटर मिळतो, पहिल्यांदाच आई-बाबा झालेल्यांनी तो जरूर घ्यावा. ‘कडकडीत पाण्याने हाडं मजबूत होतात’ हे खरं नाही. त्याने त्वचा लाल आणि कोरडी होते.

बादलीत नेहमी आधी गार पाणी, मग गरम. उलटं केलं आणि मध्येच फोन वाजला तर खोलीत कढत पाण्याची बादली उघडी राहते. मिसळल्यावर हात तळापर्यंत घालून ढवळा, कारण न ढवळलेल्या पाण्यात गरम थर वर राहतो आणि पहिला तांब्या चटका देतो. बाळ पाण्यात किंवा पायांवर असताना बादलीत गरम पाणी ओतू नका. नळाच्या धारेखाली तर बाळाला कधीच धरू नका, गिझरचं पाणी मध्येच एकदम तापतं.

इमर्शन रॉडने पाणी तापवत असाल तर बटण बंद करून, प्लग काढून, रॉड बादलीबाहेर ठेवल्याशिवाय पाण्याला बोटही लावू नये. पाणी गढूळ, टँकरचं किंवा उघड्या विहिरीचं असेल तर ते उकळून, निवू देऊन वापरा. त्यात जंतुनाशक द्रव टाकायचं कारण नाही. कडुलिंबाचा पालाही लागत नाही.

बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. तिथेच अंघोळ घातली तर?

नको. बाळाला वारा लागू नये म्हणून आपण दार आणि खिडकी घट्ट लावतो, आणि नेमकं तेव्हाच गॅस गिझर धोक्याचा ठरतो. बंद जागेत ज्योत प्राणवायू संपवते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळ घालणारी बाई आणि बाळ दोघंही बेशुद्ध पडू शकतात. दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि बादली खोलीत आणून अंघोळ घाला.

पायांवर घेऊन घालावी की टबात?

नाळ पडल्यावर दोन्ही चालतं. पायांवरच्या अंघोळीत बाळाला माणसाचा ऊबदार आधार मिळतो आणि पाणी साचत नाही, ही तिची जमेची बाजू. पाटावर बसून पाय पसरायचे, पावलं जुळवायची, गुडघे जरासे उचललेले. नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत बाळ उताणं, डोकं तुमच्या घोट्यांकडे, म्हणजे त्याचा चेहरा सतत दिसतो. पायांवर आधी सुती पंचा टाका, तेलाच्या हाताने आणि तेलकट अंगाने बाळ निसटतं ते इथेच. पाणी तांब्यातून उंचावरून सोडू नका, आपल्या ओंजळीवर घेऊन ओघळू द्या. अर्धी बादली, ८-१० लिटर, भरपूर होतं.

खरा धोका बाळाला पालथं करताना असतो. त्याचा चेहरा दोन नडग्यांच्या फटीत जातो, तिथे पाणी साचतं आणि पाठीवर पाणी ओतणाऱ्याला तोंड दिसत नाही. पहिल्या महिन्यात पालथं करूच नका. कुशीवर वळवून पाठ धुवा, काम तितकंच नीट होतं.

टबात ५ सेंटिमीटर पाणी पुरे. तळाला पंचा अंथरा. डावा हात खांद्यांमागून नेऊन बाळाचा पलीकडचा दंड पकडायचा, म्हणजे मान तुमच्या मनगटावर टेकते. उजवा हात धुवायला मोकळा राहतो. दारावरची बेल वाजली तर बाळाला गुंडाळून सोबत घ्या. काही क्षणांसाठीही बाळ पाण्याजवळ एकटं नको, आणि थोरल्या भावंडाच्या भरवशावरही नको.

एकूण पाण्यातला वेळ पाच मिनिटं. मग लगेच पंच्यात, आधी डोकं कोरडं. ओला झालेला पंचा बाजूला टाकून दुसऱ्या कोरड्या पंच्यात गुंडाळा. ओल्या पंच्यातच बाळाला धरून बसणं ही सर्रास होणारी चूक आहे.

मालीशवाली बाई जोरात चोळते, बाळाला उलटं धरते. तिला काय सांगावं?

आधी साधं सांगा: बांगड्या-अंगठ्या काढून, नखं कापून, कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन मगच बाळ घ्यायचं. ती दिवसात चार घरी जाते, एका घरचा संसर्ग दुसऱ्या घरी हातांवरून येतो. सर्दी-खोकला किंवा हाताला खरूज असेल त्या दिवशी सुट्टी.

मग ठाम नकार कशाला द्यायचा ते ठरवून ठेवा. पायाला धरून उलटं लोंबकळवणं, हात-पाय ताणून उलटसुलट फुली घालणं, मान ओढणं, नाक चिमटीत धरून ‘उभं’ करणं, डोकं दाबून ‘गोल’ करणं, घशात बोट घालून कफ काढणं. नवजात बाळाचा खुब्याचा सांधा अजून पक्का झालेला नसतो. नाकाचा आकार ओढून बदलत नाही. प्रसूतीच्या वेळी लांबट झालेलं डोकं काही दिवसांत आपसूक गोलाई घेतं. अनुभवी बाईचा हात हलका असेल तर तो आईलाही मोठा आधार असतो, तेव्हा तिला काढून टाकण्यापेक्षा पहिले दोन-तीन दिवस शेजारी बसून सांगणं बरं.

तेल कोणतं, आणि अंघोळीआधी की नंतर?

खोबरेल तेल उत्तम. तिळाचं तेलही आपल्याकडे चालत आलं आहे, बाळाच्या अंगावर पुरळ उठत नसेल तर हरकत नाही. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल नवजात त्वचेसाठी टाळा, त्याने त्वचेचा संरक्षक थर दुखावतो. सुगंधी तेलंही नकोत. एक ते दोन चमचे कोमट तेल पुरतं.

उन्हाळ्यात अंघोळीआधी, थंडीत अंघोळीनंतर. थंडीत तेल अंगावर राहिलं की त्वचा कोरडी पडत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात तेच तेल घामोळ्यांना आमंत्रण देतं. पोट भरल्या भरल्या मालीश नको.

डाळीचं पीठ, साय, हळद लावून लव काढावी का?

नाही. कपाळावरची, खांद्यांवरची आणि पाठीवरची लव काही आठवड्यांत स्वतःहून गळते, कणकेचा गोळा फिरवून ओढायची गरज नाही. पिठाचे कण मांड्यांच्या आणि मानेच्या वळ्यांत, मुलींच्या योनीमार्गाच्या घड्यांत अडकतात, डोळ्यांत जातात, आणि घासण्याने त्वचेवर न दिसणारे ओरखडे उठतात. त्यातूनच जंतू शिरतात. रंग आई-वडिलांकडून येतो, पिठाने उजळत नाही. मसूर डाळ, मुलतानी माती यांनाही हेच लागू.

साबण?

नाळ पडल्यावर, आठवड्यातून दोन-तीनदा, तोही लंगोटाची जागा, काखा आणि मानेपुरता. बाळाच्या त्वचेचा सामू (पीएच, pH) जन्मानंतर हळूहळू आम्लधर्मी होत जातो आणि साधी वडी ही घडण मोडते. म्हणून पाकिटावर ५.५ च्या आसपास सामू लिहिलेलं, बिनवासाचं सौम्य क्लीन्झर निवडा. वाटाण्याएवढं पुरतं. चेहऱ्याला साबण नको.

नाक, कान, डोळे आणि टाळू यांचं काय?

डोळे: उकळून निववलेल्या पाण्यात बुडवून पिळलेला कापूस, नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवायचा आणि टाकायचा. दुसऱ्या डोळ्याला नवा. थोडी चिपडं येणं नेहमीचं आहे. डोळा लाल, सुजलेला किंवा पिवळ्या पुवाने चिकटलेला असेल तर डॉक्टर. काजळ अजिबात नको. त्यात शिसं असू शकतं, आणि घरचं असलं तरी बोटावरून जंतू जातात.

कान: बाहेरची पाळी पुसा. तेल नको, बड नको, फुंकर नको.

नाक: तेल घालू नका. ते घशातून फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनियासारखा त्रास होतो. बाळाच्या शिंका म्हणजे सर्दी नसते, नाक साफ करण्याची ती त्याची रीत आहे.

टाळू: पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, तेल थापल्याने लवकर भरत नाही. हलक्या हाताने धुतली, तेल लावलं तर काही बिघडत नाही. ती खोल गेलेली किंवा बाळ शांत असताना फुगलेली दिसली तर लगेच दाखवा.

बाळाची छाती सुजली आहे, दूध येतं. पिळून काढायचं का?

कधीही नाही, मुलगा असो वा मुलगी. आईच्या संप्रेरकांमुळे हे होतं आणि काही आठवड्यांत ओसरतं. पिळल्याने तिथे गळू होतं आणि कधी कधी चिरा द्यावा लागतो. मुलीला पहिल्या आठवड्यात पांढरं जाणं किंवा रक्ताचा डाग दिसणं याचंही कारण तेच. तिला पुढून मागे पुसा, घड्यांतला पांढरा थर खरवडू नका. मुलाच्या शिश्नाची कातडी मागे ओढू नका, ती या वयात चिकटलेलीच असते.

अंघोळीनंतर धुरी आणि पावडर?

धुरीचा हेतू केस वाळवणं आणि ऊब देणं हा. पण ओवा, वावडिंग, लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकल्या की धुराचे बारीक कण कोवळ्या फुप्फुसांत जातात, आणि बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून गॅस गिझरसारखाच कार्बन मोनॉक्साइड निघतो. बाळंतिणीच्या बाजेखालच्या शेगडीलाही हे लागू आहे. केस पंच्याने टिपून, टोपडं घालून आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवा. याहून चांगला शेक नाही. पावडरही नको, ती श्वासातून आत जाते आणि वळ्यांत गोळे होऊन बसते.

रोज घालायलाच हवी का?

नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. नाशिकच्या किंवा विदर्भाच्या थंडीत, मुसळधार पावसात पुसून घ्या. कोकणच्या दमट हवेत वळ्या रोज पुसाव्या लागतात. वेळ दुपारी, ऊन वर आल्यावर. दूध पिऊन पाऊण-एक तास झालेला असावा, पण बाळ भुकेने रडत नसावं.

वजन कमी आहे किंवा बाळ आधी जन्मलं. मग?

वजन २ किलोच्या खाली असेल तर अंघोळ घालू नका, पुसणंही थोडक्यात आणि झाकून. कधी सुरू करायची ते डॉक्टर किंवा आशाताई सांगतील. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, तिच्याकडे वजनकाटा आणि थर्मामीटर असतो. घरी येऊन बाळ तपासण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात उभी केली आणि २०११ पासून ती देशभर लागू झाली. अशा बाळाला कांगारूसारखं, फक्त लंगोट-टोपड्यात आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीवर ठेवणं हाच मुख्य उपचार.

बाळ गारठलं हे कसं ओळखायचं?

हाताच्या मागच्या बाजूने आधी पोट, मग तळवे. दोन्ही ऊबदार असतील तर ठीक. पोट गरम आणि पाय गार म्हणजे बाळ गारठू लागलं आहे: छातीशी घ्या, पांघरूण घाला, दूध पाजा. दोन्ही गार असतील तर थांबू नका, छातीशी धरूनच दवाखान्यात न्या. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश असायला हवं.

पाण्यात घातलं की किंचाळून रडतं.

आधी पाणी आणि खोली तपासा. दोन्ही ठीक असतील तर बाळ दचकतंय: हात-पाय अचानक मोकळे झाले की पडल्याची भावना होते. मऊ जुन्या सुती पातळाचा तुकडा गुंडाळून, कापडासकट पाण्यात उतरवा. एकेक हात-पाय उघडा, धुवा, परत झाका. बहुतेक बाळं याने शांत होतात.

लस दिल्यावर अंघोळ चालते का?

चालते. टोचलेली जागा चोळू नका, हळद लावू नका. बीसीजीच्या जागी, डाव्या दंडावर, काही आठवड्यांनी पुळी येऊन फुटते. ते अपेक्षितच आहे, औषध लागत नाही.

अंघोळीच्या वेळी अंगावर काय काय बघावं?

कातडीचे पापुद्रे निघणं, नाकावर पांढरे ठिपके, लाल पुरळ जे उठतं-मावळतं, ढुंगणावरचे निळसर डाग: हे सगळं निर्धोक. पिवळेपणा मात्र खिडकीच्या उजेडात बघा. पहिल्याच दिवशी दिसला किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरला तर त्याच दिवशी डॉक्टर. पू भरलेल्या पुळ्या दिसल्या तरीही.

सिझेरियन झालं आहे, आईने घालावी का?

पाटावर बसणं आणि बादली उचलणं काही आठवडे टाळा. बाबांनी शिकून घ्यावं, त्यांचे मोठे पंजे टबातल्या अंघोळीला फार सोयीचे असतात. आईने पलंगावर बसून पुसायचं आणि कपडे घालायचं काम घ्यावं. परदेशात जिथे मदतीला कुणी नसतं, तिथेही हीच वाटणी सोपी पडते.

चटका बसला किंवा नाका-तोंडात पाणी गेलं तर?

भाजलेल्या भागावरच साध्या नळाच्या पाण्याची बारीक धार १० ते २० मिनिटं, बाकी अंग कोरडं गुंडाळलेलं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई नको. स्वच्छ कापड झाकून दवाखान्यात जा, नवजात बाळाला बसलेला लहान चटकाही दाखवावा लागतो. पाणी गेलं तर बाळाला कुशीवर वळवा, तोंड पुसा. खोकून, रडून ते बाहेर टाकतं. ओठ निळे पडले किंवा श्वास थांबला तर लगेच १०८.

अंघोळीनंतर चार-चार तास झोपतं. उठवावं का?

हो. उबेने आणि थकव्याने झोप लागते, पण पहिल्या महिन्यात दर दोन-तीन तासांनी दूध हवंच. लंगोट बदला, तळव्याला हलकी टिचकी मारा, छातीशी लावा. तरीही जागं होत नाही, ओढून पीत नाही, अंग सैल पडलंय किंवा श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त चालतोय, तर ती अंघोळीची झोप नव्हे. घड्याळ न बघता डॉक्टरांकडे निघा.